पैकी दोनशे दहा चौरस फूट

“काकू, दोन मिनिटं गप्प बसाल का जरा?” साहेब म्हणाले.

“चौदा,” ही म्हणाली.

“चौदा नाही हो. अजून मी टेप ओढलीसुद्धा नाही.”

“चौदा,” ही पुन्हा म्हणाली आणि खाटेवर पडल्या पडल्या हसली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या टेपचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्याशी धरून उकिडवा बसलो होतो. माझ्या वयाला उकिडवं बसणं जमतं, उठणं जमत नाही, त्यामुळे माझं निम्मं लक्ष त्याच काळजीत होतं.

“साहेब, ती मुद्दाम नाही करत,” मी म्हणालो. “तिला तेवढंच येतं.”

“काय येतं?”

“आकडे.”

दोन वर्षांपूर्वी हिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तोंडातून एक शब्द फुटत नव्हता. आठवडाभर घरात माझ्या एकट्याचाच आवाज. मग एका सकाळी मी शेगडीवर कुकर चढवला होता. शिट्टी झाली आणि ही खाटेवरून स्वच्छ म्हणाली, “एक.” माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. दुसरी शिट्टी झाली. “दोन.” मी त्या दिवशी त्या कुकरच्या अकरा शिट्ट्या काढल्या. आतलं सगळं जळून गेलं, पण ही अकरापर्यंत एकदाही चुकली नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्यात शब्दांचं कपाट वेगळं असतं आणि आकड्यांचं वेगळं. तुमच्या बायकोचं एक कपाट उघडं राहिलंय, ते वापरा. तेव्हापासून आमचा संसार आकड्यांवर चालला होता. आज पाणी हवं असेल तर “नऊ”, उद्या त्याच पाण्याला “बेचाळीस”. आकड्याला काही अर्थ नसे. अर्थ सगळा सुरात. प्रेमानं म्हटलेलं सत्तावीस आणि रागानं म्हटलेलं सत्तावीस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मी शिकलो. रागाचं मला जास्त वेळा ऐकायला मिळालं.

मी कुकर दुरुस्त करतो. तीस वर्षं बाजारातल्या एका दुकानात केले, हिचं असं झाल्यावर हत्यारं पिशवीत भरली आणि घरी आलो. बाजार घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आणि हिला अर्धा तासही एकटं ठेवता येत नव्हतं. बाहेरच्या खोलीत दाराशी टेबल टाकलं, त्याला भांडं घट्ट धरायला शिकंजा बसवला, भिंतीला फळी ठोकली, खाली शेगडी ठेवली. कुणाचं रबर सैल, कुणाची मूठ तुटलेली, कुणाच्या झाकणाला पोचा. दुरुस्ती झाली की आत दोन भांडी पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि तीन शिट्ट्या काढून बघायच्या. तिन्ही शिट्ट्या सारख्या अंतरानं, सारख्या जोरानं झाल्या तर कुकर बरा झाला. शेजारीच हिची खाट. मी हत्यारं पुसत बसायचो आणि ही मोजायची.

दोन वर्षं कुणाची काही हरकत नव्हती. मग नोटीस आली.

नोटीस मी तीनदा वाचली. मला अक्षरं उशिरा आली. लग्न झाल्यावर हिनंच शिकवली, कुकरच्या खोक्यांवरची नावं माझ्याकडून वाचून घेत घेत. आता तिची अक्षरं गेली होती आणि मला दिलेली तेवढी शिल्लक होती. म्हणून चौथ्यांदा नोटीस मी तिला मोठ्यानं वाचून दाखवली. निवासी भागात घरून व्यवसाय करणाऱ्यांसाठी नियम आहेत. धंद्याची जागा घराच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. त्या घरात राहणाऱ्यांनीच काम करावं, बाहेरचा माणूस ठेवू नये. पाटी तळहाताहून मोठी नसावी. एका वेळी दोनाहून जास्त गिऱ्हाइकं दारात नसावीत. धंद्याच्या जागेत घरगुती सामान आणि घरगुती जागेत धंद्याचं सामान नसावं. आवाज, धूर, वास भिंतीच्या बाहेर जाऊ नये. तीस दिवसांत परवाना न मिळाल्यास व्यवसाय त्या जागेतून हलवावा.

हलवायचा म्हणजे बाजारात. आणि बाजारात गेलो तर हिच्यापाशी कोण? मला एवढंच दिसत होतं.

शेवटी तक्रारीचा मजकूर होता. ‘सदर इसमाच्या वारंवार होणाऱ्या शिट्ट्यांमुळे अर्जदाराचा भात कच्चा राहतो.’

“पाच,” ही म्हणाली आणि डाव्या हातानं वर छताकडे बोट दाखवलं.

मलाही तेच वाटलं होतं.

आमच्या डोक्यावर राहणारी बाई. अख्खा जिना तिला वहिनी म्हणतो म्हणून मीही म्हणतो, नाहीतर वयानं ती मला मुलीसारखी. हिचं मोजणं सुरू झाल्यावर वहिनीला फार सोयीचं झालं होतं. ती गॅसवर कुकर चढवायची आणि गच्चीत कपडे वाळत घालायला जायची. तिथून ओरडायची, “काकू, किती झाल्या?” खिडकीतून ही सांगायची, “दोन.” तिसरी झाली की ही कुणी न विचारता जोरात “तीन!” म्हणायची आणि वहिनी चपला फटफटवत खाली येऊन गॅस बंद करायची. तिच्या घरात घड्याळ होतं, कान होते, सासू होती, पण मोजायचं काम तिनं आमच्याकडे दिलं होतं.

घोटाळा असा झाला की ही माझ्या शिट्ट्याही मोजायची आणि वहिनीच्याही. शिट्टी ती शिट्टी, हिला भेद नव्हता. वहिनीची एक, माझ्या दोन, लगेच ही “तीन!” म्हणून मोकळी. वहिनी गॅस बंद करून ताटं घ्यायला लागली की तांदूळ दाताखाली वाजायचे. असं चारदा झालं. चौथ्या वेळी तिची सासू म्हणाली म्हणे, “सूनबाई, तांदूळ नुसते भिजवून दिले असतेस तरी चाललं असतं, गॅस कशाला जाळलास?”

नोटीस आली त्याच संध्याकाळी वहिनी खाली आली. हिच्या उशाशी बसून हिचे केस विंचरायला लागली. हे ती नेहमीच करायची, पण त्या दिवशी जरा जास्तच हळुवार.

“काका, राग आला असेल ना?”

“मला कशाला येईल? भात तुझा कच्चा राहिला.”

“मी तक्रार तुमची नाही हो केली. मी शिट्टीची केली. मला वाटलं कुणीतरी येऊन सांगेल, काका, शिट्टी जरा हळू वाजवा. मला काय ठाऊक ते टेप घेऊन येतील म्हणून!”

“मलाच येऊन सांगायचंस.”

“तुम्हाला कसं सांगणार? काकूंना वाईट वाटलं असतं. त्या बिचाऱ्या इतक्या मनापासून मोजतात.”

“सत्तर,” ही तिला म्हणाली. सूर बरा होता. वहिनीनं डोळे पुसले आणि वेणी घालून गेली.

तर असे ते साहेब टेप घेऊन आले होते. सडपातळ, चाळिशीतले, खिशाला तीन पेनं, बगलेत फाइल. त्या कार्यालयात सगळे त्यांना टेपसाहेब म्हणतात हे मला मागाहून कळलं. माणूस फार नेकीचा. पाणी दिलं तर म्हणाले, “मोजणीच्या आधी घेत नाही.” जसं काही पाण्यानं आमचं घर लहानमोठं होणार होतं.

“आधी बाहेरची खोली. लांबी,” ते म्हणाले आणि टेप ओढत भिंतीपर्यंत गेले. वाकून आकडा पाहिला आणि फाइल उघडेपर्यंत तोंडानं जप करायला लागले. “बारा, बारा, बारा...”

“सात,” ही म्हणाली.

साहेबांनी लिहिलं. मग रुंदी मोजली. “दहा, दहा...” तेव्हा हिनं जांभई दिली म्हणून दहा लिहिले गेले. स्वयंपाकघर मोजायला आत गेले, तिथे हिचा आवाज पोचत नव्हता, ते काम बिनबोभाट झालं. मग माझ्या धंद्याची जागा. दारापासून फळीच्या टोकापर्यंत टेप लावली. “सहा, सहा, सहा...”

“एकवीस,” ही ठामपणे म्हणाली.

“एकवीस,” साहेब पुटपुटले आणि लिहिलं.

हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मी टेपचं टोक धरून खाली बसलो होतो, त्यांनी काय लिहिलं ते मला कसं दिसणार? मोजणी संपल्यावर त्यांनी पाणी घेतलं. मग पेन उघडून म्हणाले, “काम करणारे किती?”

“मी एकटाच.”

“आणि या?”

“ती काय करणार? शिट्ट्या मोजते.”

“म्हणजे दुरुस्तीनंतरची तपासणी त्या करतात.”

“तसं म्हटलं तर...”

“तसं म्हणायचं नसतं, जे असतं ते लिहायचं असतं.” त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. “कामगार दोन. पैकी एक कारागीर, एक तपासनीस. दोघेही त्याच घरात राहतात. हरकत नाही.”

हिला ते इतकं आवडलं की साहेब जिना उतरेपर्यंत ही आकडे म्हणत होती. मी तिला त्या दिवसापासून तपासनीसबाई म्हणायला लागलो.

आठ दिवसांनी पत्र आलं. मी ते उंबऱ्यात उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. ‘आपल्या घराचे एकूण क्षेत्रफळ दीडशे चौरस फूट असून, पैकी दोनशे दहा चौरस फूट जागा व्यवसायाखाली असल्याचे आढळून आले आहे. सबब परवाना नाकारण्यात का येऊ नये, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा.’

मी खोलीकडे पाहिलं. टेबल, फळी, शेगडी, खाट. दीडशेपैकी दोनशे दहा. मी आयुष्यभर मन लावून काम केलं हे खरं, पण इतकं केलं असेन असं मला वाटलं नव्हतं.

हिच्यापाशी वहिनीला बसवून मी कार्यालयात गेलो. तिथे एका टेबलाशी चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, त्यांनी पत्र हातात घेतलं.

“काका, घर दीडशे फूट?”

“पत्रात तसं आहे.”

“आणि त्यात धंदा दोनशे दहा फूट?”

“तेही पत्रातच आहे.”

“मग उरलेले साठ फूट धंदा कुठे करता?”

“ते मला कसं ठाऊक, बाई? मोजले तुमच्या साहेबांनी.”

पलीकडच्या टेबलावरचा एक जण मान न वळवता म्हणाला, “शेजाऱ्यांकडे करत असतील. म्हणून तर तिथे शिट्टी ऐकू जाते.”

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण माझ्या तीस दिवसांतले एकोणीस संपले होते.

“बाई, हे चुकलंय हे तुम्हाला दिसतंय ना?”

“दिसतंय की.”

“मग खोडा आणि बरोबर करा.”

“मोजणीवहीत खोडाखोड चालत नाही, काका.”

“म्हणजे चुकीचं चालतं?”

“चुकीचंही चालत नाही. पण ते खोडता येत नाही.”

एवढ्यात टेपसाहेब आले. त्यांनी वही उघडली. पान पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

“हे सात कुठून आले?” ते हळूच म्हणाले.

“आमच्या तपासनीसबाईंकडून,” मी म्हणालो.

“आणि एकवीस?”

“तेही त्यांचेच.”

ते खुर्चीत बसले. पलीकडचा माणूस आता मान वळवून बघत होता. साहेबांनी वही मिटली. मग म्हणाले, “अठरा वर्षं मोजणी करतोय मी. एक फूट इकडचा तिकडे झाला नाही कधी.”

मला त्यांची दया आली. मी म्हणालो, “साहेब, मनाला लावून घेऊ नका. चाळीस वर्षांपासून मीही तिचंच ऐकतो.”

फेरमोजणीला ते दोन दिवसांनी आले. या वेळी त्यांनी बरोबर एक पाटी आणली होती, खडू आणला होता आणि कानांत घालायला कापूस आणला होता. आकडा वाचला की बोलायचं नाही, पाटीवर लिहायचं आणि पाटी माझ्याकडे वळवायची. मी मान हलवली की वहीत उतरवायचं. हिला हा खेळ फार मजेचा वाटला. तिनं एकशे चारपर्यंत मजल मारली, पण साहेब बधले नाहीत. वहिनी दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती. तिलाही बोलावणं होतं, तक्रारदार म्हणून.

घर दोनशे चौरस फूट निघालं. एक चतुर्थांश म्हणजे पन्नास. माझी जागा होती साठ.

“एक फूट मागे यावं लागेल,” साहेब कापूस काढत म्हणाले.

“फळी दाराकडे सरकवतो. येतो मागे.”

“मग मी रेघ मारून देतो. दारापासून पाच फूट. रेघेच्या अलीकडे धंदा, पलीकडे घर.”

त्यांनी दोन्ही भिंतींवर खुणा केल्या आणि गुडघ्यांवर बसून खडूनं रेघ ओढत निघाले. हात अगदी सरळ. फरशीवर पांढरी स्वच्छ रेघ उमटत गेली आणि खाटेपाशी येऊन थांबली.

“ही खाट,” साहेब म्हणाले.

रेघ खाटेखालून जाणार होती. खाट दाराकडे दीड फूट पुढे आलेली होती. हिचं डोकं, छाती, कंबर घरात होती आणि गुडघ्यांखालचे पाय धंद्यात.

“धंद्याच्या जागेत घरगुती सामान चालत नाही,” साहेब म्हणाले.

“पाय सामान आहेत का, साहेब?” वहिनी दारातून म्हणाली.

“पाय नाहीत, खाट आहे.”

“आणि पाय खाटेवर आहेत.”

“खाट दीड फूट मागे घ्या,” साहेब माझ्याकडे वळून म्हणाले.

“मागे घेतली तर स्वयंपाकघराचं दार अडतं. मग मी आत जाऊ कसा?”

“मग दुसऱ्या भिंतीला लावा.”

मी खिडकीकडे पाहिलं. खाट जिथे होती तिथे तिच्या उशाला खिडकी होती. त्या खिडकीतून हिला जिना दिसायचा, फाटक दिसायचं, येणारं-जाणारं माणूस दिसायचं, गच्चीतून वहिनीची हाक यायची. दुसऱ्या भिंतीला लावली तर समोर फक्त भिंत. हिला दिवसाचे चौदा तास त्या खाटेवर काढायचे होते.

हिला काय कळलं कोण जाणे. आकडे म्हणायची थांबली. डाव्या हातानं तिनं खिडकीचा गज धरला.

साहेब गुडघ्यांवर बसूनच होते. त्यांनी हिच्या त्या हाताकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. खिशातलं एक पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

“नकाशात रेघ सरळच असावी असं काही लिहिलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. आम्हाला नाही, स्वतःलाच.

आणि त्यांनी खडू पुन्हा टेकवला. रेघ खाटेच्या कडेशी दाराकडे वळली, दीड फूट पुढे आली, हिच्या पायांना वळसा घालून तीन फूट आडवी गेली, पुन्हा दीड फूट मागे वळली आणि आपल्या वाटेला लागली. मग त्यांनी टेप लावून तो वळसा मोजला. “साडेचार चौरस फूट तुमच्या धंद्यातून कमी झाले,” ते मला म्हणाले. “साडेपंचेचाळीस उरले. चालेल?”

“चालेल.”

“साडेचार,” ही म्हणाली.

झटक्यानंतर दोन वर्षांत तिनं म्हटलेला तो पहिला बरोबर आकडा होता, शिट्ट्या सोडून. साहेबांनी तिच्याकडे वळून पाहिलं आणि कानांत घालायचा कापूस खिडकीबाहेर टाकून दिला.

राहिली शिट्टी. भिंतीबाहेर आवाज जाऊ नये असा नियम, आणि न वाजणारी शिट्टी मला अजून कुणी दाखवलेली नाही. साहेब म्हणाले, तक्रारदारानं लिहून दिलं तर वेळ ठरवून चाचणी घेता येईल. वहिनीला हे कळल्यावर ती कमरेला पदर खोचून आत आली.

“दहा ते बारा एकसुद्धा शिट्टी नको.”

“नाही.”

“तीन ते चार तुम्ही काय वाजवायच्या त्या वाजवा. तेव्हा माझ्या सासूबाई झोपलेल्या असतात आणि त्यांना तोफेनंही जाग येत नाही.”

“कबूल.”

“आणि दहा ते बारा काकू माझ्या. मोजायचं तर फक्त माझं.”

“हे लिहू का?” साहेबांनी विचारलं.

“लिहा की,” वहिनी म्हणाली.

त्यांनी लिहिलं. आमच्या परवान्याच्या मागच्या बाजूला अजून ते वाक्य आहे. ‘सकाळी दहा ते बारा या वेळेत तपासनीसाची सेवा तक्रारदारास उपलब्ध राहील.’ परवाना तिसाव्या दिवशी हातात आला. मी तो फळीच्या वर खिळ्याला टांगला. पाटी लावली नाही. तळहाताएवढ्या पाटीवर लिहिणार काय, आणि ज्याचा कुकर बिघडतो त्याला घर सापडतंच.

त्यानंतर आमचं घड्याळ बसलं. सकाळी दहा ते बारा वहिनीचा कुकर आणि हिचं “एक, दोन, तीन!” दुपारी तीन ते चार माझे कुकर. भात पुन्हा शिजायला लागला. वहिनीची सासू नाराज झाली, तिला बोलायला विषय उरला नाही. खडूची रेघ फरशी पुसताना जायची, मी ती पुन्हा ओढायचो. पहिल्यांदा साहेबांनी मारलेली सरळ होती, माझी जरा थरथरती. पण पायांपाशी आलो की मी हात आवरून, बेतानं वळायचो. कधी पायाला खडू लागला तर ही खाटेवरून ओरडायची, “अठ्ठावन्न!” मी म्हणायचो, “तपासनीसबाई, पाय धंद्यात येतोय, आत घ्या.” त्यावर जो आकडा यायचा तो मी इथे लिहीत नाही.

दहा महिने असे गेले.

एका दुपारी सव्वातीनला माझ्या शेगडीवर पाच लिटरचा जुना कुकर होता. त्याची मूठ मी नवी बसवली होती. पहिली शिट्टी झाली. ही म्हणाली, “एक.” मी शिकंज्यातून एक झाकण सोडवत होतो. दुसरी शिट्टी झाली. चांगली, भरदार झाली. मी वाट पाहिली. गॅस बंद केला. मग वळून पाहिलं.

परवान्याचं नूतनीकरण दर वर्षी असतं. टेपसाहेब आले तेव्हा मी दार उघडून बाजूला झालो. त्यांच्या तोंडावर हसू होतं, हातात पाटी होती आणि काखेत फाइल होती. ते दोन पावलं आत आले आणि थांबले.

“खाट?” त्यांनी विचारलं.

“दवाखान्याला दिली. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”

त्यांनी पाटी भिंतीला टेकवून ठेवली. मी पाणी दिलं. मोजणीच्या आधी घेत नाही, असं या वेळी ते म्हणाले नाहीत. ग्लास रिकामा करून माझ्या स्टुलावर थोडा वेळ बसले.

“किती दिवस झाले?”

“पुढच्या आठवड्यात दोन महिने होतील.”

मग कामाला लागले. मी टेपचं टोक धरायला वाकू लागलो तर म्हणाले, “राहू द्या, मी करतो,” आणि टोक भिंतीच्या फटीत अडकवलं. बारा. दहा. आत जाऊन दहा आणि आठ. दारापासून पाच. कुणी मध्ये बोलत नव्हतं, तरी प्रत्येक अंतर त्यांनी दोनदा मोजलं.

“कामगार?” त्यांनी पेन उघडलं.

“एक.”

त्यांनी लिहिलं. वरून वहिनीची हाक आली, “काका, किती झाल्या?” मला त्या दोन महिन्यांत सवय झाली होती. माझं लक्ष नसलं तरी कान मोजत असतात. “दोन,” मी खिडकीतून सांगितलं. माझा आवाज वरपर्यंत नीट जात नाही, तिला दोनदा सांगावं लागतं. तिसरी शिट्टी झाली. मी पुन्हा खिडकीशी गेलो आणि तोंडाला हात लावून म्हणालो, “तीन!” वर चपला फटफटल्या. गॅसची कळ फिरल्याचा आवाज खाली येत नाही, पण शिट्टी थांबली.

साहेब फरशीकडे बघत होते. रेघ मी त्याच सकाळी ओढली होती. भिंतीपासून सरळ, मग दीड फूट पुढे, तीन फूट आडवी, दीड फूट मागे.

“आता ही सरळ करून देतो,” ते म्हणाले. “साडेचार फूट तुमचे तुम्हाला परत मिळतील. नियमात बसतं. टेबल खिडकीकडे घ्या, उजेड चांगला आहे. या वयात डोळ्यांना बरं पडेल.”

ते खरंच होतं. उजेड चांगला होता. माझ्या टेबलाशी दुपारनंतर काही दिसत नाही.

“नको,” मी म्हणालो.

“अहो, कायदेशीर आहे. कुणी हरकत घेणार नाही.”

“ठाऊक आहे. पण तेवढी जागा घरात धरा.”

साहेब पुन्हा स्टुलावर टेकले. वहीत जुनं पान काढून त्यावरचा नकाशा पाहिला आणि नवा काढला. वळसा काढताना पट्टी वापरली. मग खिशातून खडू घेतला आणि गुडघ्यांवर बसले.

“तुमची रेघ वाकडीतिकडी झालीय,” ते म्हणाले. “नीट करून ठेवतो.”

माझ्या रेघेवरूनच त्यांनी खडू ओढत आणला. कोपऱ्याशी आले तेव्हा हात हळू झाला. मोकळ्या फरशीवर, पायाला खडू लागू नये अशा बेतानं, ते वळले.